दारावर ताबा नोटीस लागली म्हणजे घर गेलं का? कर्ज थकलं की काय काय होतं आणि कुठे कुठे थांबवता येतं

गोष्ट आमच्याच बिल्डिंगमधली. चौथ्या मजल्यावरच्या एका दारावर सकाळी सकाळी कागद चिकटलेला दिसला, चारी कोपऱ्यांना खाकी टेप, खाली बँकेचा शिक्का आणि मधे असलं मराठी जे कुणाच्याच घरी बोलत नाहीत, "ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार हे प्राधिकृत अधिकारी असून..." वगैरे. दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं. संध्याकाळी त्या घरातले काका खाली आले, हातात तीन पाकिटं, त्यातलं एकही फोडलेलं नाही, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या बाहेर काढतील का रे?"

नाही काढत. उद्या तर नाहीच. पण त्या तीन पाकिटांत जे दिवस होते ते मात्र संपलेले होते, आणि हा सगळा प्रकार खरं तर दिवसांचाच आहे म्हणून लिहायला बसलोय.

आधी एका शब्दाचा घोळ

इंग्लिश बातम्यांत आणि पिक्चरमध्ये "फोरक्लोजर" म्हणजे बँकेने घर काढून घेणं. आपल्याकडे कुठल्याही शाखेत जाऊन विचारा, फोरक्लोजर म्हणजे लोन मुदतीआधी फेडून बंद करणं, म्हणजे जवळजवळ उलटंच! त्यामुळे नेटवर "फोरक्लोजर कसं थांबवायचं" असं शोधलं तर निम्मी माहिती अमेरिकेची येते आणि तिचा आपल्याला काडीचा उपयोग नसतो. आपल्याकडे जे होतं ते "सरफेसी" कायद्याखाली, साल २००२. नाव लांबलचक आहे, ते सोडा, काम एवढंच की बँकेला कोर्टात दावा न लावता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते. त्याआधी बँकांना दिवाणी कोर्टात नाहीतर कर्ज वसुली न्यायाधिकरणात केस लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला, पण कर्जदाराला दाद मागायची तर आधी ७५ टक्के रक्कम भरा ही अट मात्र उडवून लावली, ते बरं झालं.

पण घर तर माझ्या नावावर आहे ना?

आहे. सोनं गहाण ठेवलं की ते समोरच्याच्या तिजोरीत जातं, घराचं तसं नसतं, घरात तुम्हीच राहता, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमचंच नाव, फक्त मूळ करारनामा बँकेत आणि पैसे थकले तर विकायचा हक्क बँकेकडे. तो हक्क एका झटक्यात वापरता येत नाही, पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला कायद्याने दिवस ठरवून दिलेत.

पहिले ९० दिवस, ज्यांची कुणी दखलच घेत नाही

हप्ता बाऊन्स झाला की मेसेज येतो, मग कॉल सेंटरचा फोन, मग रिकव्हरीवाल्याचा. एखादी रक्कम ९० दिवसांपेक्षा जास्त थकली की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या हिशेबात बुडीत निघायच्या वाटेवरचं कर्ज. एनपीए झाल्याशिवाय सरफेसीची नोटीस निघू शकत नाही.

इथे एक आकडा समोर ठेवू म्हणजे पुढचं सगळं कळेल. समजा ३० लाखांचं लोन आहे, २० वर्षं, ९ टक्के, तर हप्ता साधारण २७ हजार. तीन हप्ते थकले म्हणजे थकबाकी ८१ हजार. हे ८१ हजार मेहुण्याकडून, एफडी मोडून, कुठूनही उभे करता येतात. आणि ९० दिवसांच्या आत अगदी सगळे जमले नाहीत तरी सर्वात जुना हप्ता भरला तर खातं एनपीएच्या अलीकडे राहतं. एकदा एनपीएचा शिक्का बसला की मग एक हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी, मुद्दल व्याजासकट, भरेपर्यंत खातं पुन्हा चांगल्यात येत नाही, हे रिझर्व बँकेने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय.

म्हणून नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला की फोन बंद करून ठेवण्यापेक्षा याच काळात शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यायचा, मुदत वाढवून हप्ता कमी करा, काही महिन्यांची सवलत द्या म्हणून. बँकेने हो म्हटलंच पाहिजे असं नाही, पण एनपीए व्हायच्या आधी त्यांनाही ते हवं असतं, कारण एनपीए झालं की त्यांना स्वतःच्या नफ्यातून पैसे बाजूला काढून ठेवायला लागतात. अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं काहीही नंतर कुणाला आठवत नाही, आणि तो मॅनेजर तर बदलीच होऊन गेलेला असतो.

रिकव्हरीवाल्यांबद्दल एवढंच, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही, नातेवाईकांसमोर तमाशा करायचा नाही असं रिझर्व बँकेने २०२२ मध्ये बजावलंय. "उद्या घराला कुलूप लावतो" असं एजंट म्हणाला तर त्याला तो अधिकार नाही.

साठ दिवसांची नोटीस

काकांचं पहिलं पाकीट हे होतं. कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवसांत पैसे भरा नाहीतर ताबा घेऊ. ती वाचून लोकांना घाम फुटतो कारण तिच्यात ८१ हजार लिहिलेले नसतात, अख्खे तीस लाख लिहिलेले असतात. किराणा दुकानदार कसं, तीन महिने उधारी नाही दिली की एक दिवस वही मिटतो आणि म्हणतो आता सगळा हिशोब चुकता कर, तसंच हे. आता तीस लाख कुठून आणू म्हणून माणूस पाकीटच कपाटावर टाकून देतो. खरं तर या टप्प्याला नुसती थकबाकी आणि खर्च भरला तरी बऱ्याच बँका खातं नियमित करून घेतात. तो तुमचा हक्क नाही पण विचारायला काय जातंय, फक्त लेखी विचारा.

हक्क आहे तो वेगळा आणि बहुतेकांना माहीतच नसतो. नोटीस मिळाल्यावर तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसकट उत्तर द्यावं लागतं. हरकत म्हणजे "माझी परिस्थिती वाईट आहे" एवढंच लिहायचं नाही. स्टेटमेंट काढा, भरलेले हप्ते जमा दिसतात का बघा, व्याजदर करारातलाच आहे का बघा, आणि दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर परत व्याज लावलंय का ते तर नक्की बघा, कारण रिझर्व बँकेने २०२३ मध्ये त्याला मनाई केली आणि २०२४ पासून ते लागू झालं. ही हरकत फेटाळली म्हणून लगेच न्यायाधिकरणात जाता येत नाही, पण पुढे तिथे गेल्यावर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

"मी नोटीस घेतलीच नाही तर?" हा प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय. काही होत नाही, पाकीट टाळताय असं दिसलं की दारावर चिकटवतात, दोन पेपरांत छापतात, ती मिळाली असंच धरतात. म्हणजे दिवस तर चालूच राहतात, वर शेजाऱ्यांनाही कळतं. आणि हो, या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

एसटीत रुमाल टाकतात तसा ताबा

साठ दिवस गेले की ताबा. हा दोन प्रकारचा असतो. पहिला सांकेतिक, म्हणजे आमच्या चौथ्या मजल्यावर लागला तो कागद. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं समजा, फरक एवढाच की सीटवर अजून तुम्हीच बसलेले आहात. सात दिवसांच्या आत तीच नोटीस दोन पेपरांत येते, त्यातला एक स्थानिक भाषेतला. पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांच्या ज्या चौकटी असतात, "सर्वसामान्य जनतेस इशारा देण्यात येतो की" वाल्या, त्या याच.

दुसरा प्रत्यक्ष ताबा, म्हणजे कुलूप. त्यासाठी बँक सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, मुंबईसारख्या ठिकाणी दंडाधिकाऱ्यांकडे. त्यांनी ३० दिवसांत, फार तर कारण लिहून ६० दिवसांत आदेश द्यायचा, मग तहसीलदार किंवा नेमलेला वकील पोलीस घेऊन येतो. पुष्कळ लोक जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन रडतात, भांडतात, आमदाराची चिठ्ठी आणतात. उपयोग शून्य, कारण तिथे कर्ज खरं की खोटं हे बघायचंच नसतं, फक्त बँकेची कागदपत्रं आणि प्रतिज्ञापत्र तपासायचं असतं. ऐकून घेणारी जागा वेगळी आहे.

डीआरटी, म्हणजे तुमचं ऐकणारी जागा

कर्ज वसुली न्यायाधिकरण, सगळे डीआरटीच म्हणतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहे. बँकेने ताब्याचं पाऊल उचललं की ४५ दिवसांच्या आत कलम १७ खाली तिथे अर्ज करता येतो. कुलूप लागेपर्यंत थांबायची गरज नाही, सांकेतिक ताब्याची नोटीस आली तरी जाता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हा वाद मिटवला. काकांच्या पाकिटांवरच्या तारखा बघितल्या तेव्हा माझ्या डोक्यात हाच आकडा होता, पहिल्या पाकिटाचे ६० गेले ते गेले पण हे ४५ तर आजपासून आहेत.

तिथे काय बघतात? बँकेने नियम पाळले का. नोटीस योग्य पत्त्यावर आणि सगळ्या कर्जदारांना गेली का (बायको सहकर्जदार असेल तर तिलाही), हरकतीला उत्तर दिलं का, दोन पेपरांत छापलं का, एनपीएची तारीख बरोबर आहे का, मूल्यांकन जुनं तर नाही. मोठी चूक सापडली तर डीआरटी ताबा रद्द करून घर परत द्यायला सांगू शकतं. पण खरं सांगायचं तर नियम चुकला म्हणून कर्ज माफ होत नाही, बँक परत पहिल्यापासून नीट सुरू करते. तुम्हाला मिळतो तो वेळ. त्या वेळात पैसे उभे करायचा काही प्लॅन असेल तर तो सोन्याच्या भावाचा, नसेल तर वकिलाची फी आणि वर चढणारं व्याज एवढंच हातात राहतं.

"वकील म्हणाला स्टे मिळतोच"

मिळतो कधीकधी, पण बहुतेक वेळा अमुक इतके लाख अमुक तारखेपर्यंत भरा या अटीवर, आणि नाही भरले की तो आपोआप उठतो. "एक रुपया न भरता दोन वर्षं लांबवून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. डीआरटीच्या निकालावर वरच्या अपील न्यायाधिकरणात जायचं तर ३० दिवसांत, आणि तिथे देण्याच्या ५० टक्के रक्कम जमा करायला लागते, कमी करून मिळाली तरी २५ टक्क्यांच्या खाली नाही. तीस लाखांत किमान साडेसात लाख. म्हणजे जे काय मांडायचं ते डीआरटीतच जीव ओतून मांडायचं.

दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागू? कायद्याने ते दार बंद आहे, अपवाद फारच थोडे. हायकोर्टात रिट? डीआरटीचा मार्ग असताना हायकोर्टांनी सहसा हात घालू नये हे सुप्रीम कोर्टाने २०१० पासून वारंवार सांगितलंय. दिवाळखोरी जाहीर करू? त्याने गहाण घरावरचा बँकेचा हक्क जात नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळायचा हक्क आहे आणि पुष्कळ लोनमध्ये बायको सहकर्जदार असतेच.

सरफेसी लागूच होत नाही असं कधी?

हे आधी तपासा, कारण लागूच नसेल तर सगळा डोलारा पडतो. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, मात्र सातबाऱ्यावर पीक लिहिलंय एवढ्याने भागत नाही, जमीन खरंच शेतीला वापरली जाते का ते बघतात. बाकी राहिलेली रक्कम मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल, म्हणजे बहुतेक लोन फेडून झालं असेल, तरी लागू नाही. एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीचं, लोन असेल तर त्या कंपनीची मालमत्ता १०० कोटींच्या वर आणि कर्ज किमान २० लाखांचं असावं लागतं.

सहकारी बँकेला लागू आहे का यावर आपल्याकडे खूप वर्षं भांडण चाललं, शेवटी मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी लागू आहे असा निकाल दिला आणि तो खटला होता कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा. पतसंस्था मात्र बँक नाही. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यावर होते, निबंधकाकडे, वेगळ्या पायऱ्यांनी. त्यामुळे पतसंस्थेच्या नोटिशीला डीआरटीचा सल्ला लावू नका, आमच्या ओळखीत एकाने असंच दीड महिना वाया घालवला.

लिलाव, आणि नोटिशीतलं ते शेवटचं वाक्य

ताबा नोटिशीच्या शेवटी एक वाक्य असतं, "तारण मत्तेच्या विमोचनासाठी उपलब्ध वेळेसंदर्भात कलम १३ च्या पोटकलम (८) कडे कर्जदाराचे लक्ष वेधण्यात येते." अख्ख्या कागदात कामाचं हेच आणि हेच सगळ्यात दुर्बोध. विमोचन म्हणजे पैसे भरून घर सोडवणं. पूर्वी लिलाव होऊन विक्री पक्की होईपर्यंत सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस छापून येण्याच्या तारखेआधीच पूर्ण पैसे आणि खर्च भरायला हवेत, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अगदी कडकपणे सांगितलं. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावत गेलात तर बँक घेईलही, पण घ्यायलाच पाहिजेत असं तुम्ही म्हणू शकत नाही.

लिलावाआधी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवतात आणि तुम्हाला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, पहिला लिलाव फसला तर पुढच्याला १५ दिवसांची. मूल्यांकनाची कॉपी मागा. लिलावात घर "जसे आहे जेथे आहे" तत्त्वावर जातं, सोसायटीची थकबाकी किती, आत कोण राहतंय, उद्या केस होईल का, हे सगळं डोकेदुखीचं खातं घेणाऱ्याच्या माथी, म्हणून तो बाजारभावाने घेतच नाही.

मग स्वतःच का नाही विकत?

माझ्या मते पैसे उभे राहायची खरंच आशा नसेल तर सगळ्यात कमी नुकसानीचा रस्ता हाच, आणि लोक त्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघतात कारण मन तयार होत नाही. बँकेची लेखी परवानगी घ्यायची, गिऱ्हाईक आणायचं, त्याचे पैसे थेट लोन खात्यात. यासाठी बँकेकडून आजच्या तारखेला एकूण देणं किती याचं पत्र लागतं आणि त्या पत्राचं नाव, गंमत बघा, "फोरक्लोजर लेटर".

सेटलमेंट, म्हणजे ओटीएस, हा दुसरा पर्याय, बँक थोडं सोडते आणि तुम्ही एकरकमी भरता. पण मला ओटीएस द्याच असा हक्क कर्जदाराला नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तसं म्हटलंय. आणि सिबिलवर खातं "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" दिसतं, पुढचं लोन मागताना ते टोचतं.

लिलाव झालाच तर कर्ज आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे तुमचे, बँकेने द्यायलाच हवेत, मागून घ्या. कमी पडले तर मात्र फरकासाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते. घर गेलं म्हणजे हिशोब मिटला हा समज चुकीचा आहे, आणि जामीनदार राहिलेल्या मित्राला हे सहसा नोटीस आल्यावरच कळतं.

काकांनी ४५ दिवसांतल्या एकोणिसाव्या दिवशी डीआरटीत अर्ज टाकला, तिसऱ्या पाकिटातल्या हिशोबात जुना दंड दोनदा धरलेला निघाला, त्यावर थोडा वेळ मिळाला. तेवढ्यात लिलावाची जाहिरात यायच्या आत त्यांनी परवानगी घेऊन फ्लॅट स्वतःच विकला, कर्ज फिटून काही लाख हातात राहिले, आता दोन स्टॉप पुढे भाड्याने राहतात. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा रिझर्व बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. त्यांचे कागद ४१ व्या दिवशी मिळाले. अकरा दिवसांचे ५५ हजार मागणारं पत्र मीच लिहून दिलंय, पोच घेतलीये, आणि बँक म्हणते प्रोसेसमध्ये आहे.